कार्यक्षेत्राबाहेरचा विद्यार्थी

इंदापूरहून अकलूजला निघालं की सराटीला नीरा नदी लागते. तुकोबांची पालखी याच वाटेने जाते. पादुकांना इथे नीरास्नान होतं आणि पालखी पुणे जिल्ह्यातून सोलापूर जिल्ह्यात शिरते. वारकऱ्यांना या हद्दीचं काही देणंघेणं नसतं. बारावी झालेल्या मुलाला मात्र ती फार लवकर कळते, कारण नदीच्या दोन काठांवर दोन वेगळी विद्यापीठं आहेत. अलीकडचा काठ १९४९ पासून पुणे विद्यापीठाचा. पलीकडचाही आधी त्याच विद्यापीठात होता. १९६२ मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ निघालं तेव्हा तो तिकडे गेला आणि २००४ मध्ये सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ झाल्यावर सोलापूरकडे आला. बारामतीहून नीरेपलीकडे फलटणला जावं, तर तिथे आजही कोल्हापूरचंच विद्यापीठ चालतं. म्हणजे एकाच नदीच्या पाण्यावर ऊस पिकवणाऱ्या तीन तालुक्यांतली मुलं तीन विद्यापीठांच्या पदव्या घेतात.

आपल्या सार्वजनिक विद्यापीठांत परराज्यातले विद्यार्थी इतके कमी का, हा प्रश्न नेहमी पाटण्याच्या किंवा जयपूरच्या मुलापासून सुरू केला जातो. तो का येत नाही? दर्जा कमी पडतो का, जाहिरात कमी पडते का? मला वाटतं, सुरुवात सराटीच्या पुलापासून करायला हवी. ज्या व्यवस्थेला शेजारच्या तालुक्यातला मुलगाच ‘दुसऱ्या विद्यापीठाचा’ वाटतो, तिने पाटण्याच्या मुलाचा विचार करून काही आखलेलंच नसतं.

पुणे विद्यापीठ १० फेब्रुवारी १९४९ रोजी सुरू झालं. मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू. तेव्हा त्याच्या कार्यक्षेत्रात बारा जिल्हे होते. कोल्हापूरचं विद्यापीठ झालं आणि दक्षिणेकडचे जिल्हे गेले. १९९० मध्ये जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं आणि खानदेश गेला. उरले पुणे, नगर आणि नाशिक. इतर विद्यापीठांचंही असंच झालं. नवं विद्यापीठ म्हणजे जुन्याच्या कार्यक्षेत्राची वाटणी. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियमातही प्रत्येक विद्यापीठापुढे त्याचे जिल्हे लिहिलेले आहेत. नीरा डाव्या कालव्याला जसं लाभक्षेत्र असतं, तसंच हे. पाणी कुठल्या गावापर्यंत न्यायचं ते आधी ठरलेलं असतं, आणि कालव्याचं यश त्या हद्दीतलं शेवटचं शेत भिजलं की नाही यावरून मोजलं जातं.

हे चूक होतं असं मी म्हणणार नाही. बारामतीत तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२ मध्ये निघालं. त्याआधी पदवीला जायचं तर पुणं गाठावं लागे. पुण्यात खोली, खाणावळ, फी हे सगळं जमणारी घरं या तालुक्यांत मोजकीच होती. १९७२ मध्ये विद्या प्रतिष्ठान स्थापन झालं. पुढे इंदापुरात, वालचंदनगरजवळ कळंबला, माळेगावला, शारदानगरला महाविद्यालयं उभी राहिली. एसटीने सकाळी जाऊन संध्याकाळी घरी येता येतं, या एका सोयीवर इथल्या हजारो मुली पदवीधर झाल्या. ज्या घरात मुलीला पुण्याला पाठवायला कधीच होकार मिळाला नसता, त्या घराने तिला बारामतीला पाठवलं. सार्वजनिक विद्यापीठाने या भागात केलेलं सर्वांत मोठं काम हेच, असं माझं ठाम मत आहे. परराज्यातल्या विद्यार्थ्यांचा विचार करताना हे काम कमी लेखून चालणार नाही.

पण काम एका हेतूने उभं राहिलं की त्याचे नियमही त्याच हेतूचे होतात. अभियांत्रिकीच्या प्रवेशात वर्षानुवर्षं ७० टक्के जागा ‘होम युनिव्हर्सिटी’च्या आणि ३० टक्के बाहेरच्या विद्यापीठक्षेत्रातल्या मुलांच्या, असा हिशेब चालत आला. केंद्रीभूत प्रवेशाच्या, म्हणजे कॅप राउंडच्या, कट-ऑफ याद्या पाहिलेल्या पालकांना जागेच्या सांकेतिक नावाशेवटची ‘एच’ आणि ‘ओ’ ही अक्षरं पाठ असतात. वैद्यकीय प्रवेशातही मराठवाडा, विदर्भ आणि उर्वरित महाराष्ट्र अशी ७०:३० ची विभागणी होती. ती २०२० मध्ये रद्द झाली. लातूरचा मुलगा पुण्यात ‘बाहेरचा’ आणि पुण्याचा मुलगा नागपुरात ‘बाहेरचा’, ही स्थिती इतकी अलीकडची आहे.

आता राज्याबाहेरच्या मुलाकडे येऊ. राज्याच्या प्रवेश परीक्षा कक्षाच्या, म्हणजे सीईटी सेलच्या, माहितीपुस्तिकेत उमेदवारांचे ए, बी, सी, डी, ई असे प्रकार असतात. दहावी-बारावी महाराष्ट्रातून केलेला आणि इथे जन्मलेला किंवा इथलं अधिवास प्रमाणपत्र असलेला मुलगा ‘ए’. ज्याच्या आई किंवा वडिलांकडे इथलं अधिवास प्रमाणपत्र आहे, तो ‘बी’. केंद्र आणि राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी पुढचे दोन. शेवटचा प्रकार ‘ई’, आणि तो मला सर्वांत बोलका वाटतो. वादग्रस्त सीमाभागातून परीक्षा दिलेल्या, मातृभाषा मराठी असलेल्या मुलांसाठी तो आहे. बेळगाव, निपाणी, कारवार, बिदर या पट्ट्यातल्या ८६५ गावांवर महाराष्ट्राचा दावा आहे आणि तिथल्या मराठी मुलाला प्रवेशापुरतं राज्य आपलाच मानतं. म्हणजे राज्याला मनावर घ्यायचं ठरवलं, तर हद्दीपलीकडचा विद्यार्थी आत घ्यायला नियमांत जागा करता येते.

या पाचही प्रकारांत न बसणारा तो ‘ओएमएस’, म्हणजे महाराष्ट्राबाहेरचा. त्याच्यासाठी खासगी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांत १५ टक्के जागा अखिल भारतीय गुणवत्तेच्या असतात. त्या जेईई मेनच्या गुणांवर भरतात आणि त्यांवर महाराष्ट्रातल्या मुलालाही हक्क सांगता येतो. याशिवाय संस्था पातळीवरच्या जागा असतात. परराज्यातल्या अनुसूचित जातीच्या किंवा ओबीसी मुलाला इथल्या राज्य आरक्षणाचा लाभ मिळत नाही. तो खुल्या प्रवर्गातच मोजला जातो.

जागा मिळाली तरी पैशाचा हिशेब येतोच, आणि माझ्या मते खरी अडचण तिथे आहे. इंदापूरच्या शेतकऱ्याच्या मुलाची अभियांत्रिकीची फी कागदावर दिसते तेवढी त्याला भरावी लागत नाही. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, अनुसूचित जाती-जमातींसाठी फ्रीशिप आहे, वसतिगृहाच्या खर्चाला पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता आहे, स्वाधार आहे. २०२४ पासून आठ लाखांपेक्षा कमी उत्पन्नाच्या घरातल्या आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शुल्क सरकार पूर्ण भरतं. शिष्यवृत्त्यांच्या महाडीबीटी पोर्टलवर यांतला जवळपास प्रत्येक अर्ज भरताना अधिवास प्रमाणपत्र, म्हणजे डोमिसाइल, जोडावं लागतं. परराज्यातल्या मुलाला यांतलं काहीच नाही. शेजारच्या बाकावरच्या मुलीची फी शून्य असते आणि त्याला सगळी रक्कम स्वतःच्या खिशातून भरावी लागते. बिहारने २०१६ मध्ये सुरू केलेलं विद्यार्थी क्रेडिट कार्ड चार लाखांपर्यंत कर्ज देतं आणि ते राज्याबाहेरही चालतं. ते कर्ज काढून यायचं, तर मुलगा बारामती का निवडेल? तेवढ्या पैशांत त्याला पुणं मिळतं, बंगळुरू मिळतं.

त्यात वेळापत्रकाची भर पडते. महाराष्ट्रातल्या कॅप फेऱ्या अलीकडे ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत लांबतात. सीबीएसईचा निकाल मे महिन्यात लागतो. दोन-तीन महिने वाट पाहण्याची तयारी असलेले पालक कमी. दक्षिणेतली खासगी विद्यापीठं तोवर त्यांच्याकडून फीचा पहिला हप्ता घेऊनही मोकळी झालेली असतात.

बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.ला ही सीईटी सेलची चाळणी नाही. तिथे डोमिसाइलचा अडसर नाही, फी कमी आहे. मायग्रेशन सर्टिफिकेट आणायचं, विद्यापीठाकडून एलिजिबिलिटी करून घ्यायची, काही आठवडे हेलपाटे घालायचे, की प्रवेश पक्का. तरीही बाहेरचं कुणी येत नाही. कारण संलग्नतेच्या पद्धतीत पुण्याला गणेशखिंडीत ठरलेला एकच अभ्यासक्रम नाशिकला, नगरला आणि इंदापूरला शिकवला जातो. गोरखपूरलाही अशीच संलग्न महाविद्यालयं आहेत, असाच इतिहासाचा पेपर आहे, असंच प्रात्यक्षिकाचं जर्नल आहे. जे घराजवळ मिळतं त्यासाठी दीड हजार किलोमीटर प्रवास कोण करेल? दौंडपर्यंत उत्तरेकडच्या गाड्या येतात, तिथून बारामतीचा फाटा आहे, इंदापूरला तर रेल्वेच नाही. पण अंतर ही दुय्यम गोष्ट आहे. वेगळं काही मिळणार असेल तर मुलं कुठेही पोचतात.

याचा पुरावा बारामतीतच आहे. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर शासकीय वैद्यकीय महाविद्यालय इथे २०१९ मध्ये १०० जागांवर सुरू झालं. सरकारी महाविद्यालय, गाव तेच, एसटी तीच, उन्हाळा तोच. यातल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्याच्या. नीटच्या गुणांवर देशभरातून कोणीही त्या मागू शकतो. वर्षाला पंधरा जागा. त्यांतल्या काही महाराष्ट्रातलेच विद्यार्थी घेतात, पण दार खुलं आहे ते साऱ्या देशाला. बाहेरचा विद्यार्थी बारामतीचं नाव ऐकून येत नाही. त्याच्या क्रमांकाला सरकारी जागा मिळते म्हणून येतो, आणि आल्यावर राहतो.

हा कोटा आपोआप आलेला नाही. १९८४ मध्ये प्रदीप जैन खटल्यात न्यायमूर्ती भगवतींच्या खंडपीठाने विचारलं की देश एक आणि नागरिकत्व एक असताना, रहिवासाच्या नावाखाली वैद्यकीय महाविद्यालयाच्या जवळजवळ सगळ्या जागा राज्याने राखून कशा ठेवाव्यात? न्यायालयाने रहिवासावर आधारलेल्या राखीव जागांना मर्यादा घातली. पुढे १९८६ मध्ये पदवीसाठी एकूण जागांपैकी १५ टक्के देशासाठी खुल्या, असं सूत्र ठरलं. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशातलं रहिवासावर आधारलेलं आरक्षण घटनाबाह्य ठरवलं. वैद्यकीय शिक्षणात चाळीस वर्षं हा वाद लढला गेला म्हणून तिथे दार उघडलं. बाकीच्या शाखांसाठी असं कुणी भांडलंच नाही.

माळेगाव खुर्दची राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था हे दुसरं उदाहरण. २००९ मध्ये भारतीय कृषी संशोधन परिषदेने ती इथे काढली, कारण अवर्षण, क्षार आणि उष्णता यांचा पिकांवर पडणारा ताण अभ्यासायला याहून योग्य जमीन शोधावी लागली नसती. तिथले शास्त्रज्ञ अखिल भारतीय निवडीतून येतात. काम असं आहे की ते इथेच करावं लागतं, म्हणून माणसं इथे येतात.

पुण्यात परराज्यातली मुलं मोठ्या संख्येने दिसतात, मग बारामतीत का नाहीत, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. पुण्यातली ती गर्दी बऱ्याच अंशी सार्वजनिक विद्यापीठाने ओढलेली नाही. शां. ब. मुजुमदारांनी १९७१ मध्ये सिंबायोसिस सुरू केलं तेच परदेशी विद्यार्थ्यांच्या अडचणी पाहून. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि उत्तर भारतातल्या पैसेवाल्या घरांतली मुलं महाराष्ट्रात येऊ लागली. पुढे अभिमत विद्यापीठं आली. त्यांना कार्यक्षेत्र नाही, त्यांच्या जागा साऱ्या देशासाठी आहेत, आणि बाहेरचा विद्यार्थी हा त्यांच्या उत्पन्नाचा भाग आहे. आयसर, एफटीआयआय या केंद्राच्या संस्था तर पहिल्या दिवसापासून राष्ट्रीय आहेत.

उत्पन्नाचा मुद्दा अमेरिकेकडे पाहिल्यावर अधिक स्पष्ट होतो. तिथलं राज्य विद्यापीठ परराज्यातल्या विद्यार्थ्याकडून स्थानिकाच्या कितीतरी पट फी घेतं. राज्य सरकारांनी अनुदान कमी केलं तसतशी ही विद्यापीठं बाहेरचे विद्यार्थी शोधायला निघाली. कॅलिफोर्नियात तर उलटी तक्रार झाली. स्थानिकांच्या जागा जातात म्हणून २०१७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाला बाहेरच्यांवर १८ टक्क्यांची मर्यादा ठरवावी लागली. त्याच्या ज्या संकुलांत प्रमाण आधीच जास्त होतं त्यांना तेवढी सूट मिळाली. आपल्याकडेही वेगळी फी घेता येते. मध्य भारत राज्यातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयाने बाहेरच्यांकडून घेतलेलं जादा शुल्क सर्वोच्च न्यायालयाने १९५५ मध्ये वैध ठरवलं होतं. पण आपल्या अनुदानित महाविद्यालयाची गाडी शिक्षकांच्या वेतन अनुदानावर चालते. तुकडी भरलेली असली की ते मिळतं. त्या तुकडीतली मुलं कुठल्या राज्यातली, हे कुणी विचारत नाही. म्हणजे बाहेरचा विद्यार्थी आला म्हणून प्राचार्यांना काही मिळत नाही आणि आला नाही म्हणून काही गमवावं लागत नाही.

गमावतात ते फक्त क्रमवारीतले गुण. एनआयआरएफ या राष्ट्रीय क्रमवारीच्या निकषांत विद्यार्थ्यांच्या प्रादेशिक विविधतेला ३० गुण आहेत. त्यांतले २५ परराज्यातल्यांसाठी, ५ परदेशींसाठी. पण ज्या गटात हे गुण धरतात त्याचं वजन एकूण मूल्यमापनात दहा टक्के. म्हणजे शंभरापैकी फार तर अडीच गुण. एवढ्यासाठी विद्यापीठाने वसतिगृहं बांधावीत, असं कुठल्याही कुलगुरूंना वाटणार नाही. क्रमवारीसाठी बाहेरचा विद्यार्थी हवा, हे कारणच मला तोकडं वाटतं.

खरं कारण वर्गातल्या मुलांचं आहे. इंदापूरची मुलगी पदवी घेते तोवर तिच्या वर्गात बहुतेक सगळ्यांचं गाव तासा-दीड तासाच्या अंतरावर असतं. पुढे ती पुण्याच्या हिंजवडीत किंवा बंगळुरूला कामाला जाते तेव्हा प्रथमच तमिळ, बंगाली, हिंदी बोलणाऱ्यांत बसते, आणि तिच्याकडे ज्ञान असूनही ती बैठकीत गप्प राहते. तिची बुद्धी कमी पडत नाही, सवय कमी पडते. ही सवय महाविद्यालयातच लागायला हवी होती.

आणि ज्याच्यासोबत ती लागू शकली असती तो मुलगा खरं तर फार दूर नाही. वालचंदनगरला साखर कारखाना उभा राहिला तेव्हापासून या तालुक्यांत बाहेरची माणसं कामाला येत आहेत. आता बारामतीच्या एमआयडीसीत पियाजिओ आहे, भारत फोर्ज आहे. भिगवणला कागद कारखाना झाला. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेले कामगार आजूबाजूच्या गावांत खोल्या घेऊन राहतात. त्यांची मुलं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकतात, मराठी आपल्या मुलांइतकीच चांगली बोलतात. पण महाराष्ट्राचं अधिवास प्रमाणपत्र हवं तर पंधरा वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. समजा, आठ-दहा वर्षांपूर्वी आलेल्या कामगाराची मुलगी गावाकडे जन्मली. तिची दहावी इथली, बारावी इथली. तरी अभियांत्रिकीच्या अर्जात ती ‘ए’ नाही, ‘बी’ही नाही, ती ओएमएस. परराज्यातले विद्यार्थी मिळत नाहीत म्हणणाऱ्या व्यवस्थेच्या दारात ती विद्यार्थिनी आलेली आहे, आणि नियमांनी तिला बाहेरच ठेवलं आहे.

इथून पुढे काय करावं, यावर मला दोन ठिकाणी लगेच वाव दिसतो. एक, स्वायत्तता. तुळजाराम चतुरचंद महाविद्यालयासारखी महाविद्यालयं आता स्वतःचा अभ्यासक्रम आखू शकतात. अवर्षणाची शेती, साखर आणि इथेनॉल, दुग्धव्यवसाय, उजनीच्या पाणलोटातली पाणथळ जमीन आणि पक्षी हे विषय इथल्यासारखे दुसरीकडे शिकवता येणार नाहीत. कानपूरची राष्ट्रीय शर्करा संस्था एकाच उद्योगावर उभी राहून देशभरातून विद्यार्थी घेते. ऊसपट्ट्याच्या मधोमध असलेल्या गावांना तसा पदव्युत्तर अभ्यासक्रम काढणं अशक्य नाही. तो इंग्रजीतून शिकवावा लागेल आणि सुरुवातीचे महिने बाहेरच्या मुलांना कामापुरती मराठीही शिकवावी लागेल, नाहीतर ती कॉट बेसिसच्या खोलीत एकटी पडतील आणि दुसऱ्या वर्षी परत जातील.

दुसरा वाव शिष्यवृत्तीत आहे. कृषी शिक्षणात भारतीय कृषी संशोधन परिषद राष्ट्रीय प्रतिभा शिष्यवृत्ती देते ती मुद्दाम अशाच विद्यार्थ्याला, जो आपलं राज्य सोडून दुसऱ्या राज्यातल्या कृषी विद्यापीठात जातो. राज्य ओलांडल्याबद्दल शिक्षा होऊ नये, मदत व्हावी, हा त्यामागचा विचार. महाराष्ट्राने असंच काही आपल्या सार्वजनिक विद्यापीठांच्या पदव्युत्तर विभागांसाठी करावं. थोड्या जागा, पुणे-मुंबईबाहेरच्या महाविद्यालयांना प्राधान्य, सोबत वसतिगृहाची हमी. आणि इथे दहावी-बारावी केलेल्या कामगारांच्या मुलांना पंधरा वर्षांची अट न लावता ‘ए’ प्रकारात धरावं. ‘ई’ प्रकार ज्या माहितीपुस्तिकेत बसला, त्याच पुस्तिकेत ही दुरुस्तीही बसेल.